बंदुकीवर टॉर्च कुठे बांधायचा

छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हा जुन्या राजधानीतून जे सामान आमच्या वाट्याला आलं, त्यात एक भुलीची बंदूक होती. गॅसच्या दाबावर चालणारी. गोळीऐवजी औषध भरलेली सुई फेकणारी. वर दुर्बीण, खाली गॅसचं नळकांडं, आणि नळी इतकी लांब की जीपमध्ये ती पेटी नेहमी तिरकी ठेवावी लागे. मी जनावरांची डॉक्टर. तोवर माझी सगळी नोकरी गाई-म्हशींच्या दवाखान्यात गेली होती. नव्या राजधानीत वनखात्याला डॉक्टर हवा होता, म्हणून मला तिकडे पाठवलं आणि लोखंडी कपाटाची किल्ली हातात दिली. कपाटात ती बंदूक होती. आतापर्यंत ती कोणी आणि किती वेळा चालवली हे सांगणारं कोणी नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात एका गावच्या शाळेत अस्वल शिरलं. खिडक्या गावकऱ्यांनी बाहेरून फळ्या ठोकून बंद केल्या होत्या, त्यामुळे भर दिवसा वर्गात अंधार. मी दारात बंदूक घेऊन उभी, आणि माझ्यामागे एक वनरक्षक मोठा टॉर्च धरून उभा. टॉर्च लावल्याबरोबर समोरच्या भिंतीवर माझीच भलीमोठी सावली पडली आणि अस्वल त्या सावलीत गेलं. मी बाजूला झाले, तर तो वनरक्षकही बिचारा मला वाट द्यायला माझ्याच बाजूला झाला, आणि सावली पुन्हा अस्वलावरच. सुई वर्गाच्या काळ्या फळ्यात जाऊन रुतली. अस्वल खिडकीच्या फळ्या तोडून पळालं. कुणाला काही झालं नाही हे नशीब.

परत येताना जीपमध्ये आमचे रेंजरसाहेब होते. धमतरीकडचे, निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी हैराण झालेले गृहस्थ. आमचं बोलणं हिंदीतच होई. ते म्हणाले, "मॅडम, रोशनी बंदूक के साथ होनी चाहिए. आदमी के साथ नहीं."

एवढंच. पण ते माझ्या डोक्यातून जाईना.

आमचं घर ब्राह्मणपाऱ्यात, शहराच्या जुन्या वस्तीत. सासरची माणसं भोसल्यांच्या काळापासून इथली. मी मात्र रेल्वेवाल्यांची पोर, वडील विदर्भातून बदलीवर आले आणि इथलेच झाले. नवऱ्याचं सदर बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. काच, उजेड, डोळा, या तीन गोष्टींवर तो न थकता बोलू शकतो. मी त्याला अस्वलाचा किस्सा सांगितला तर तो हसला नाही. म्हणाला, "मंग तू बांधशील कुठं टॉर्च? वर का खाली?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं."

"बंदूक घरी आण."

"आणता येत नाही."

त्यानं मग बंदुकीच्या मापाची एक लाकडी पट्टी घेतली, तिला नळीच्या जागी पाइप बांधला, दुर्बिणीच्या जागी औषधाची रिकामी बाटली चिकटवली. रविवारी दुपारी आम्ही दोघं मागच्या धान्याच्या खोलीत शिरलो आणि दार लावून घेतलं. त्या खोलीला खिडकी नाही.

आधी टॉर्च वर बांधून पाहिला. वर दुर्बीण, तिच्या पुढच्या काचेवर उजेडाची कड यायची. "हे गेलं," तो म्हणाला. "काचेत उजेड घुसला की समोरचं सगळं दुधाळ." मग खाली. खाली गॅसचं नळकांडं आणि माझा डावा हात, टॉर्चला जागाच उरत नव्हती. मग नळीच्या अगदी टोकाला. तिथे उजेड स्वच्छ पडायचा, पण टोक जड होऊन खाली झुकायचं, आणि माझा दंड थोड्याच वेळात थरथरायला लागायचा. मागे सरकवला तर नळीची सावली समोरच्या डब्यांवर काळ्या पट्ट्यासारखी पडे. त्यानं पट्टी माझ्या हातात ठेवूनच टॉर्च बोटभर पुढे, बोटभर मागे असा कितीदा तरी सरकवला.

तेवढ्यात सासूबाईंनी दार उघडलं. माझा नेम नेमका दारावर होता. टॉर्चचा झोत सरळ त्यांच्या डोळ्यांत गेला.

"काय करून राहिले रे तुम्ही दोघं?" डोळ्यांवर पदर धरून त्यांनी विचारलं.

"बंदुकीवर बॅटरी बांधून राहिलो, आई."

"माझ्या तांदळाच्या खोलीत?"

"आई, तुले मी दिसत होतो काय? आत्ता?"

"काहीच नाही दिसलं. नुसता उजेड. तुम्ही आहा का भूत आहे ते बी समजलं नाही."

नवरा खूश झाला. उजेडामागचं माणूस दिसत नाही, हे त्याला माहीत होतं, पण आईनं सांगितल्यावर त्याची खात्री पटली. सासूबाई तांदूळ काढून घेऊन गेल्या, आणि आम्ही ठरवलं: टॉर्च नळीच्या डाव्या बाजूला, मधल्या भागात, माझ्या डाव्या अंगठ्याला बटण लागेल असा. त्यानं सायकलच्या दिव्याचा पत्र्याचा क्लॅम्प आणला, आतून ट्यूबचं रबर लावलं, हातानं फिरवता येईल असा पंखाचा नट बसवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो खऱ्या बंदुकीवर बसवला तेव्हा रेंजरसाहेबांनी तो हलवून पाहिला आणि मान डोलावली. आवारातल्या बंद गॅरेजमध्ये मी पोत्यावर नेम धरून सराव केला. डाव्या अंगठ्यानं उजेड, उजव्या बोटानं घोडा. सुया बसत होत्या. मला वाटलं, प्रश्न सुटला.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. एका सकाळी निरोप आला की शहराच्या कडेला, भनपुरीत, एका पोहा मिलच्या गोदामात बिबट्या शिरला आहे. आम्ही पोचेतोवर ऊन चांगलंच चढलं होतं. रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर टपांवर चढून बसलेले, आणि मिलच्या फाटकापुढे माणसांचा लोंढा. पोलीस त्यांना काठीनं मागे सारत होते, पण लोक पुन्हा पुढे येत होते. बिबट्या आला कुठून हे कुणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे धानाच्या ट्रकमध्ये बसून आला, कोणी म्हणे नाल्यानाल्यानं.

मिलचा मॅनेजर घामानं भिजला होता. बोलताना त्याची नजर आमच्याकडे नव्हती.

"अंदर एक रेजा है," तो म्हणाला. रेजा म्हणजे मजूर बाई. "रिकामी पोती आणायला गेली होती. कुणीतरी ओरडलं, पोरांनी घाबरून शटर पाडलं. मग समजलं की ती आतच आहे."

"जिवंत आहे?" रेंजरसाहेबांनी विचारलं.

"आवाज देते आहे. थप्पीवर चढून बसली आहे."

गोदामाला समोर ते शटर आणि मागे एक लहान दार. बाकी काही नाही. वर झरोके होते, ते वर्षानुवर्षांच्या कोंड्याच्या धुळीनं बुजलेले. दिवे लावा म्हटलं तर वायर तुटून लोंबत होती, म्हणून मॅनेजरनं मेन स्विच काढला होता. एकानं पेट्रोमॅक्स आणला. रेंजरसाहेबांनी तो तिथेच जमिनीवर ठेवायला लावला. "कोंडा आहे आत. पेट घेतला तर बाई, बिबट्या, सगळं जाईल." शटर उघडावं, बिबट्याला बाहेर जाऊ द्यावं, असंही कोणी म्हणालं. बाहेर ती गर्दी होती. तो विचार तिथेच सोडला.

मी सुईत औषध भरलं. जवळूनच मारायची होती, म्हणून गॅसचा दाब कमी ठेवला. जास्त झाला तर सुई हाडापर्यंत जाते. टॉर्च लावून पाहिला, बंद केला. रेंजरसाहेबांनी एक ढाल मागवली होती, पोलिसांकडची, वेताची. ती मागच्या लहान दारातून आत जाईना. बाहेरच ठेवली.

आत आम्ही दोघंच गेलो. दार मागे ओढून घेतलं तसा अंधार झाला. कोंड्याचा वास, आणि त्याच्या आत आणखी एक, उग्र, ओला वास. तो वास मी पिंजऱ्यांजवळ अनेकदा घेतला होता, पण मध्ये गज नसताना तो वेगळा येतो.

दाराच्या समोरच पोत्यांची एक उंच थप्पी होती. तिचं डावं टोक भिंतीला चिकटलेलं. म्हणजे पलीकडे पाहायचं तर उजव्या टोकाकडूनच डोकवावं लागणार होतं. आम्ही थप्पीला पाठ लावून त्या उजव्या टोकाकडे सरकलो. वरून, छताजवळून, एका बाईचा दबका आवाज आला.

"कोन आय?"

"डॉक्टरीण आहे," रेंजरसाहेब छत्तीसगढीत हळूच म्हणाले. "तू हलू नकोस. कुठे आहे तो?"

"तरी म. दू थप्पी के बीच म." खाली, दोन थप्प्यांच्या मध्ये.

"बसला आहे?"

"हव."

मी बंदूक खांद्याला लावली, थप्पीच्या उजव्या कडेनं नळीचं टोक बाहेर काढलं, दुर्बिणीला डोळा लावला आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहिली. टॉर्च डावीकडे होता आणि थप्पीही डावीकडेच. सगळा झोत हातभर अंतरावरच्या पोत्यावर आपटला आणि तागाच्या धाग्यांवरून, धुळीवरून उसळून सरळ माझ्या डोळ्यात आला. पलीकडचं काहीही दिसलं नाही. त्या पांढऱ्या भिंतीच्या मागून बिबट्या गुरगुरला. आवाज मोठा नव्हता. पोटातून काढलेला, लांबलेला. रेंजरसाहेबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. मी टॉर्च बंद केला, पण माझ्या डोळ्यांत हिरवी-जांभळी वर्तुळं फिरत होती आणि मला त्या क्षणी माझा हातसुद्धा दिसत नव्हता.

"काय झालं?"

"टॉर्च चुकीच्या बाजूला आहे," मी म्हणाले. "पोत्यावर पडतो आहे."

"आणखी बाहेर सरका."

"सरकले तर मी पूर्ण उघड्यावर येते."

त्यांना पटलं. ते म्हणाले, "बाहेर जाऊ. उजवीकडे बांधून येऊ." मला तेच हवं होतं. बाहेर ऊन होतं, माणसं होती. मी दाराच्या कडीकडे हात नेला तशी वरची बाई बोलली. तिनं आमची हालचाल ऐकली असावी.

"झन जावव, दीदी." जाऊ नका. मग जरा थांबून, "उठ गे हे. ऊपर डहर देखत हे."

तो उठला होता आणि वर पाहत होता. नंतर नखं तागात अडकल्याचा आवाज आला. चर्रर्र, आणि थांबला. पुन्हा चर्रर्र. पोती ढिली असावीत, त्याला पकड मिळत नव्हती. पण तो प्रयत्न करत होता.

आम्ही बाहेर गेलो नाही.

रेंजरसाहेब माझ्यापुढे जमिनीवर बसले. खाली बसताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी टॉर्चच्या तोंडावर आपला तळवा दाबून धरला. मी बटण दाबलं. त्यांच्या बोटांमधून तांबडा उजेड झिरपला, तेवढाच आम्हाला कामाचा. मी नट ढिला केला. क्लॅम्प नळीभोवती फिरवायचा होता, पण आतलं रबर नळीला चिकटलं होतं. जोर लावला तर बंदूक हलायची. बंदूक भरलेली होती, म्हणून मी तिचं तोंड भिंतीकडे दाबून धरलं होतं आणि एकाच हातानं ते करत होते. वर चर्रर्र. मला सारखं वाटत होतं की पुढचा आवाज पोत्यांचा नसेल, बाईचा असेल.

"सावकाश," रेंजरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, ऑफिसात चहा मागतात तसा.

रबर सुटलं. टॉर्च उजवीकडे गेला. नट आवळला. पण उजेड जिथे पडतो आणि सुई जिथे जाते, त्या दोन जागा एक आहेत की नाहीत हे पाहायचं राहिलं होतं, आणि ते पाहायला उजेड लावणं भाग होतं. रेंजरसाहेबांनी गळ्यातला गमछा काढून मागच्या दारावर, कडीला अडकवून पसरला. मी दुर्बिणीतून त्याच्यावर नेम धरला. त्यांनी तळवा क्षणभर काढला. उजेडाचं वर्तुळ बरंच वर गेलं होतं. टॉर्चचं तोंड खाली दाबलं. पुन्हा पाहिलं. आता दुर्बिणीतल्या रेघांची फुली वर्तुळाच्या मधोमध होती.

मग दुसरी अडचण समोर आली. टॉर्च उजवीकडे गेल्यावर बटणही उजवीकडे गेलं. डावा अंगठा तिथे पोचेना, आणि उजवा हात घोड्यावर हवा. मी ते बोलायच्या आतच रेंजरसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"टॉर्च चालू राहू दे. मी टोपीनं झाकून ठेवतो. तुम्ही सांगाल तेव्हा काढतो."

"तुमचा हात कडेच्या बाहेर येईल."

"येईल."

मला नाही म्हणायचं होतं, पण वर पुन्हा चर्रर्र झालं. 

मी पुन्हा कडेला उभी राहिले. ते माझ्या गुडघ्याशी बसलेले, उजवा हात वर करून टॉर्चवर टोपी धरलेला. वरची बाई रडत होती, आवाज दाबून. मी खांद्याला बंदूक पक्की केली, श्वास अर्धा सोडला आणि म्हणाले, "काढा."

झोत थप्पीच्या कडेला न लागता सरळ पलीकडे गेला. मध्ये धूळ तरंगत होती, पण तिच्यातून दिसत होतं. दोन थप्प्यांची गल्ली. फाटलेली पोती, खाली सांडलेला कोंडा. आणि त्यात बिबट्या, पुढचे पाय थप्पीवर टेकवून उभा. उजेड पडताच तो खाली उतरला आणि तोंड आमच्याकडे केलं. डोळे हिरवे पेटल्यासारखे. माझ्या कल्पनेपेक्षा तो लहान होता. तरुण नर असावा. आणि माझ्या कल्पनेपेक्षा जवळ.

तोंड समोर असताना सुई मारता येत नाही. डोळ्याला लागली, गळ्याला लागली, तर जनावर संपलं. मांडी हवी किंवा खांद्याचा मागचा भाग. म्हणजे वाट पाहायची. त्याला उजेडामागचं काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं. पण त्याला वास येत होता आणि ऐकू येत होतं. त्यानं कान मागे टाकले. ओठ वर गेला. उजेडाचं वर्तुळ हलू नये म्हणून मी डावं कोपर थप्पीच्या कडेला टेकवलं.

"दीदी," वरून आवाज आला.

"चुप," रेंजरसाहेब पुटपुटले.

बिबट्यानं आवाजाकडे पाहिलं. मग पुन्हा उजेडाकडे. उजेडाचा त्याला त्रास होत होता. त्यानं डोळे बारीक केले, मान वळवली, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे जायला अंग फिरवलं. मांडी वर्तुळात आली. मी घोडा दाबला.

फट्. फुगा फुटावा तेवढाच आवाज. सुईच्या शेपटीचा लाल गोंडा त्याच्या मांडीवर दिसला आणि त्याच क्षणी तो वळला. पळायला नाही. उजेडावर यायला.

रेंजरसाहेबांनी टोपी पुन्हा टॉर्चवर दाबली. सगळं काळं झालं. काहीतरी जड थप्पीच्या कडेवर आदळलं, माझ्या चेहऱ्यावर धूळ आली, वरची दोन-तीन पोती घसरून खाली पडली. बाई किंचाळली. मी मागे दारावर आपटले, बंदूक छातीशी धरलेली. रेंजरसाहेब माझ्या पायांवर पडले. आणि मग तो आमच्याकडे आला नाही. उजेड नाहीसा झाल्यावर त्याला रागवायला काही उरलं नसावं. गल्लीत परत गेला. जाताना त्याच्या पंजांखाली कोंडा करकरत होता, तो आवाज दूर दूर गेला.

आता औषध चढेपर्यंत थांबायचं होतं. या काळात आवाज केला, उजेड केला तर जनावर भीतीनं औषधाशी झुंजतं आणि सगळं लांबतं. म्हणून अंधारात, हालचाल न करता. मी मनात श्वास मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रेंजरसाहेबांचा श्वास जोरानं चालला होता.

"लागलं का तुम्हाला?"

"नाही."

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला. बाईला आमच्यापेक्षा जास्त दिसत असावं, तिचे डोळे सकाळपासून त्या अंधाराला सरावले होते.

"डोलत हे," ती म्हणाली. डुलतो आहे.

थोडा वेळ गेला.

"बइठ गे." बसला.

आणखी वेळ गेला.

"सुत गे, दीदी." झोपला.

मी तरी लगेच पुढे गेले नाही. टॉर्च लावला, दुरून पाहिलं, मग लांब काठीनं कानाला स्पर्श केला. कान हलला नाही. पुन्हा केला. मग मी त्याच्याजवळ बसले, डोळ्यांना मलम लावलं, वर ओलं फडकं टाकलं, आणि बरगडीवर हात ठेवला. श्वास संथ होता. त्याच्या अंगाची ऊब हाताला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा हात बर्फासारखा गार होता, त्या उन्हाळ्यात.

बाहेरच्यांना हाक मारली. जाळी आत आली. तेव्हा उजेडात पाहिलं तर रेंजरसाहेबांची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेली होती आणि हातावर तीन लांब चरे. रक्त बोटांवरून गळत होतं.

"तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा सांगून काय केलं असतं तुम्ही?"

मी जखम धुऊन पट्टी बांधली. त्यांना म्हटलं, मी जनावरांची डॉक्टर आहे, टाके माणसांच्या दवाखान्यात घालून घ्या, आणि रेबीजचं इंजेक्शन आजच घ्या. ते म्हणाले, "जनावरं तुमच्याकडे तक्रार करत नाहीत, मीही करत नाही." पण गेले. टाके पडले.

बिबट्याला जाळीत घालून पिंजऱ्यात चढवेपर्यंत बाई खाली उतरली नाही. उतरली ती पलीकडच्या बाजूनं. पंचविशीची असेल. केसांत, भुवयांत, पापण्यांवर कोंडा. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मॅनेजर काहीतरी बोलायला पुढे झाला, तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "मर गे का?"

"नाही. झोपला आहे. जंगलात सोडू."

ती नळावर गेली आणि ओंजळीनं पाणी पीत राहिली. लोक तिच्याभोवती गोळा झाले, प्रश्न विचारू लागले. ती पाणीच पीत होती.

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाईंनी शेजारच्यांकडून ऐकलं होतं. त्यांनी आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं. नवरा दुकान लवकर बंद करून आला.

"डाव्या बाजूनं जमलं ना?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पोत्यावर उसळलेला उजेड, टोपी, तांबडी बोटं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "कोपऱ्याचा विचारच नाही केला आपण. आपल्या खोलीत कोपरा कुठं होता." थोड्या वेळानं उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी गेले तर म्हणाला, "मले एकट्याले बसू दे जरा. तू आत झोप." त्याला भीती आत्ता वाटत होती. माझी संपली होती, त्याची सुरू झाली होती.

ठणठणीत झाल्यावर आम्ही बिबट्याला जंगलात सोडलं. दार उघडल्यावर तो बराच वेळ पिंजऱ्यातच बसून राहिला, मग एकदम निघाला आणि गवतात शिरला. गवत हललेलं थोडा वेळ दिसलं.

सुई मात्र गोदामात त्या दिवशी सापडली नव्हती. धडपडीत ती त्याच्या मांडीतून निघून कुठेतरी पडली होती, आणि तिच्यात औषधाचा अंश राहिलेला असू शकतो. कुणाच्या पायात जायला नको, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा भनपुरीला गेले होते. रेंजरसाहेब हात गळ्यात बांधून बरोबर आले, नको म्हटलं तरी. शटर पूर्ण वर केलेलं होतं. वायर जोडली होती. आत चार-पाच बाया कोंडा झाडत होत्या, आणि त्यांच्यात ती होती.

"तू आज कामावर?" मी विचारलं.

"कहाँ जाहूँ?" ती म्हणाली. कुठे जाऊ? तिनं ते सहज म्हटलं आणि झाडू दुसऱ्या हातात घेतला.

आम्ही तिघं गल्लीत सुई शोधू लागलो. पोत्यांवर नखांच्या खुणा होत्या, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत. शेवटी तिलाच लाल गोंडा दिसला, फाटलेल्या पोत्याच्या घडीत. तिनं हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. मी चिमट्यानं उचलून डबीत ठेवली.

मग मी थप्पीच्या उजव्या टोकाला जाऊन उभी राहिले, काल उभी होते तिथेच. ती बाई गल्लीत, काल तो उभा होता तिथे. दोघींमध्ये एक खाट कशीबशी मावली असती. अंधारात मला ते अंतर याहून मोठं वाटलं होतं.

तिनंही माझ्याकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं.

"अतके दुरिहा रिहिस?" ती म्हणाली. एवढ्याच अंतरावर होता?

"हव," मी म्हणाले.

 रेंजरसाहेब एका पोत्यावर हळूच टेकले आणि चांगल्या हातानं गुडघा चोळत बसले. त्यानंतर महिनाभर मी ऑफिसच्या गॅरेजमध्ये बंदूक डाव्या खांद्याला लावून नेम धरायला शिकले, म्हणजे टॉर्च उजवीकडे असला तरी बटण माझ्याच उजव्या अंगठ्याखाली येईल, टोपी धरायला दुसऱ्याचा हात लागणार नाही. सुरुवातीच्या सुया कुठेही जात होत्या, एक तर जीपच्या टायरमध्ये गेली. ते खुर्ची टाकून दारात बसत, आणि मी चुकले की नुसतं म्हणत, "फिर से, मॅडम."